सेल्फ नुसता ‘टक्’ करतो? बॅटरी बदलण्याआधी केबल तपासा



१ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस बोटी जेटीला असतात. जाळी शिवायची, तळ घासून रंग मारायचा, इंजिनाचं ऑइल बदलायचं, ही सगळी कामं याच दिवसांत उरकतात. बॅटरीच्या केबलकडे मात्र कोणी बघत नाही. ती इंजिनरूमच्या कोपऱ्यात तेलकट, काळी होऊन दहा-पंधरा वर्षं तशीच पडलेली असते. मग १ ऑगस्टला बर्फ भरला, डिझेल भरलं, राशन चढलं, चावी फिरवली, आणि सेल्फ नुसता ‘टक्’ करतो.

पुढचं सगळ्यांना पाठ आहे. शेजारच्या बोटीवरून बॅटरी आणायची. इंजिन चालू झालं की म्हणायचं, आपली बॅटरी गेली. नवी जोडी घ्यायची. पंधरा दिवसांनी पुन्हा तोच ‘टक्’. मग सेल्फ उतरवून दुरुस्तीवाल्याकडे. तो तपासून म्हणतो, सेल्फ तर चांगला आहे. तोवर मोसमातले चांगले दिवस हातचे गेलेले असतात.

मग दुसऱ्याच्या बॅटरीवर इंजिन चालू कसं झालं? बऱ्याचदा त्यात बॅटरीचा काही संबंधच नसतो. बॅटरी बदलताना क्लँप काढून परत आवळला जातो. त्यात गंजलेला सांधा थोडा घासला जातो आणि तेवढ्यापुरता जोड सुधारतो. खरा दोष केबलमध्ये किंवा तिच्या टोकाला असतो, आणि तो तिथेच राहतो.

म्हणून आजचा विषय हाच: बॅटरीपासून सेल्फपर्यंतची वायरिंग. काम कमी खर्चाचं आहे, फक्त नीट समजून करायला हवं.

एक खराब सांधा किती वीज खातो

आपल्या बहुतेक मोठ्या बोटींवर १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन फिरवताना सेल्फ ३०० अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. सुरुवातीच्या झटक्याला त्याहून बराच जास्त. केबिनमधला एक दिवा एक-दोन अँपिअर घेतो, त्यावरून अंदाज करा.

आता समजा एका सांध्यावर गंज चढलाय आणि त्याचा अडथळा आहे ०.०१ ओहम. इतका कमी की साध्या मीटरवर तो दिसतही नाही. पण त्यातून ३०० अँपिअर जाताना ३ व्होल्ट तिथेच खर्च होतात. २४ मधले ३ गेले. त्या एका सांध्यावर ९०० वॅटची उष्णता तयार होते, म्हणजे कपड्यांच्या इस्त्रीइतकी. असे तीन-चार सांधे असले तर सेल्फपर्यंत पोहोचतं काय?

म्हणूनच दिवे चांगले पेटतात, वायरलेस चालतो, फिशफाइंडर चालतो, आणि तरी इंजिन फिरत नाही. कमी करंटला खराब सांधा अडवत नाही, मोठ्या करंटला अडवतो. दिवा पेटला म्हणून केबल चांगली, असं समजू नका.

इंजिन ट्रकसारखं असलं तरी बोट ट्रक नव्हे

आपल्याकडची बरीच इंजिनं मुळात ट्रकच्या इंजिनांवरून केलेली आहेत, त्यामुळे ट्रकची वायरिंग करणारा मेस्त्री बोटीवरही येतो. पण दोन गोष्टींत मोठा फरक आहे.

पहिली गोष्ट, ट्रकला लोखंडी चासी असते आणि निगेटिव्ह तिच्यातूनच परत येतो. लाकडी किंवा फायबरच्या बोटीत चासी नाही. निगेटिव्हला परत यायला केबलच लागते, आणि ती पॉझिटिव्हइतकीच जाड लागते. पॉझिटिव्ह जाड आणि निगेटिव्ह बारीक असं अनेक बोटींवर दिसतं. करंट जितका जातो तितकाच परत येतो, तेव्हा बारीक केबल कुठल्याही बाजूला असली तरी नुकसान तेच. बोट लोखंडी असली तरी तिच्या अंगातून करंट परत आणायचा नाही, पत्रा आतून खाल्ला जातो.

दुसरी गोष्ट म्हणजे खारं. खारी हवा उघड्या टोकातून तांब्याच्या तारांमध्ये शिरते आणि आतल्या आत पुढे सरकत जाते. वरून रबर चकचकीत, आतल्या तारा काळ्या-हिरव्या. केबलच्या टोकाजवळ इंचभर रबर कापून बघा. तांबं लाल-पिवळं दिसलं तर ठीक. काळं दिसलं तर स्वच्छ तांबं लागेपर्यंत कापत जा. हातभर कापूनही काळंच असेल तर ती केबल भंगारात द्या.

आधी आवाज ऐका

चावी फिरवल्यावर काय ऐकू येतं त्यावरून अर्धं निदान होतं. सेल्फच्या वायरिंगचे दोन भाग असतात. जाड लाइन बॅटरीपासून मेन स्विचमधून सेल्फपर्यंत जाते. बारीक लाइन चावीकडून सेल्फवरच्या सोलेनॉइडला हुकूम देते.

काहीच आवाज नाही: दोष बहुतेक बारीक लाइनमध्ये. चावी, फ्यूज, न्यूट्रल स्विच, सोलेनॉइडची छोटी वायर. मेन स्विच बंद राहिलेला नाही ना, तेही बघा.

‘टकटकटकटक’ असा भराभर आवाज: सोलेनॉइड ओढला जातो, सेल्फचा भार येताच व्होल्टेज कोसळतं, तो सुटतो, परत ओढला जातो. बॅटरी डाऊन किंवा जाड लाइनचा सांधा खराब.

एकच जोरदार ‘टक्’: सोलेनॉइडने काम केलं, पण मोटर फिरली नाही. जाड लाइन, सोलेनॉइडच्या आतले जळलेले पॉइंट, किंवा सेल्फच जाम.

फिरतं पण रडत रडत: बॅटरी, केबल किंवा निगेटिव्हचा जोड.

मीटर लावून चोर पकडा

यासाठी साधा डिजिटल मल्टीमीटर पुरतो. डीसी व्होल्टवर ठेवायचा. एक माणूस चावीवर, एक मीटरवर. गिअर न्यूट्रलला. इंजिनाचा स्टॉप ओढून धरायचा, म्हणजे इंजिन फिरेल पण पेट घेणार नाही. एका वेळी पाच सेकंदच सेल्फ मारायचा, मग मिनिटभर थांबायचं.

१) बॅटरी. चार्जिंग बंद करून काही तास गेल्यावर मोजा. दोन्ही मिळून २५.२ च्या वर असेल तर पूर्ण भरलेली. २४.४ म्हणजे साधारण अर्धी. दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्याही मोजा. एक १२.६ आणि दुसरी १२.० असेल तर जोडी बिघडली आहे.

२) सेल्फ मारताना बॅटरी. मीटर बॅटरीवरच ठेवून सेल्फ मारा. भरलेली बॅटरी १९ च्या खाली जात असेल तर बॅटरीत दम नाही, किंवा सेल्फ गरजेपेक्षा जास्त करंट ओढतोय. वर राहिली आणि तरी इंजिन फिरत नसेल, तर बॅटरी निर्दोष. पुढे चला.

३) पॉझिटिव्ह लाइन. मीटरची लाल सुई बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर, काळी सुई सेल्फवर जिथे जाड केबल येते त्या बोल्टवर. सुई क्लँपवर टेकवू नका, शिशाच्या खुंटीवरच टेकवा, नाहीतर क्लँपचा दोष दिसणारच नाही. सेल्फ मारा. मीटर जे दाखवेल तितके व्होल्ट वाटेत हरवले. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. एकाच्या वर गेलं तर काम काढा.

४) निगेटिव्ह लाइन. एक सुई सेल्फच्या बॉडीवर रंग खरवडून, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर. हिशेब तोच. ही तपासणी बहुतेक जण करत नाहीत.

५) दोन बॅटऱ्यांमधली जोडपट्टी. एका बॅटरीच्या खुंटीपासून दुसरीच्या खुंटीपर्यंत मोजा. संपूर्ण करंट या हातभर तुकड्यातून जातो, आणि अनेकदा तीच सगळ्यात बारीक आणि जुनी असते.

६) सोलेनॉइड. त्याच्या दोन मोठ्या बोल्टांवर सुया ठेवून सेल्फ मारा. पाव-अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त गेलं तर आतले पॉइंट जळलेत.

कुठल्या लाइनमध्ये जास्त हरवतंय ते कळलं की त्या लाइनचा एकेक सांधा वेगळा मोजा. क्लँप, मेन स्विच, थिंबल. अर्ध्या तासात चोर सापडतो. हाताचा उपायही आहे. दोन-तीन वेळा सेल्फ मारल्यावर हात जपून जवळ न्या. जो सांधा गरम लागेल तोच गुन्हेगार.

केबल किती जाड हवी

बॅटरीपासून सेल्फ ३ मीटरवर असेल तर जाणं-येणं मिळून ६ मीटर केबल झाली. ३०० अँपिअरला तांब्याच्या केबलमध्ये हरवणारे व्होल्ट साधारण असे:

२५ स्क्वेअर एमएम: सव्वा व्होल्ट
५० स्क्वेअर एमएम: ०.६ व्होल्ट
७० स्क्वेअर एमएम: ०.४५ व्होल्ट

म्हणजे २४ व्होल्टच्या ट्रॉलरला जवळ बॅटरी असताना ५० ची केबल घ्यावी, ७० ची मिळाली तर अजून चांगलं. अंतर दुप्पट झालं की तोटाही दुप्पट. जाड केबल घेण्याआधी बॅटरी सेल्फच्या जवळ हलवता येते का ते बघा. पैसे वाचतात.

आपल्यातले काही जण पर्यटकांसाठी जुन्या लाँच आणि मोटरयॉटही चालवतात. तिथे हा हिशेब आणखी महत्त्वाचा. बऱ्याच जुन्या यॉट १२ व्होल्टच्या असतात, आणि वजन सांभाळायला बॅटऱ्या इंजिनापासून दूर ठेवलेल्या असतात. ८ मीटर अंतर म्हणजे १६ मीटर केबल. ५० स्क्वेअर एमएममध्येही ३०० अँपिअरला पावणेदोन व्होल्टच्या आसपास जातात, तेही १२ मधून. तिथे ९५ ची केबल लागते. अशा बोटींच्या सायलेन्सरमध्ये समुद्राचं पाणी सोडलेलं असेल तर आणखी एक धोका आहे. इंजिन पेट घेत नसताना सेल्फ मारत राहिलात तर पंप पाणी ओढत राहतो, ते बाहेर ढकलायला धूर नसतो, आणि शेवटी पाणी सिलिंडरमध्ये शिरतं. सेल्फची तक्रार इंजिन खोलण्यापर्यंत जाते.

केबल घेताना एक सावधगिरी. वेल्डिंग केबल स्वस्त आणि लवचिक म्हणून अनेक जण ती वापरतात. पण बाजारात ॲल्युमिनियमच्या तारांची वेल्डिंग केबलही मिळते. ॲल्युमिनियमचा अडथळा तांब्याच्या दीडपटीहून जास्त, आणि खाऱ्या हवेत तांबं-पितळेशी जोडलं की लवकर खातं. दुकानात एक तार चाकूने खरवडून बघा. आत पांढरं दिसलं तर घेऊ नका. अर्थात कल्हई केलेलं तांबंही वरून पांढरं दिसतं, पण खरवडल्यावर आत लाल निघतं. मिळाली तर अशी कल्हईचीच केबल घ्या, खाऱ्यात ती जास्त टिकते.

थिंबल ठोकू नका, दाबा

सगळ्यात जास्त दोष केबलच्या टोकाला असतो. थिंबलमध्ये तारा घालून हातोड्याने ठोकलं की वरून घट्ट दिसतं, आत पोकळ राहतं. त्या पोकळीत खारं जाऊन बसतं. योग्य पद्धत म्हणजे केबलच्या मापाचं तांब्याचं थिंबल आणि मापाच्या डायचं क्रिम्पिंग टूल. नुसत्या झाळणीवर भिस्त ठेवू नका. सांधा तापला की झाळ मऊ होते, आणि जिथे झाळ संपते तिथे तार ताठ होऊन हादऱ्याने तुटते.

दाबून झाल्यावर आतून गोंद असलेली हीटश्रिंक नळी थिंबलपासून रबरापर्यंत चढवा. साध्या चिकटपट्टीखाली ओल साचते.

बोल्टवर लावताना थिंबल थेट मूळ पृष्ठभागावर बसलं पाहिजे. मध्ये वॉशर नको. आधी थिंबल, मग वॉशर, मग स्प्रिंग वॉशर, मग नट. इंजिनावर निगेटिव्ह जिथे बसतो तिथला रंग खरवडून चकचकीत लोखंड काढा. व्हॅसलिन किंवा ग्रीज सांधा आवळून झाल्यावर वरून लावायचं.

हायड्रोलिक क्रिम्पर एका बोटीसाठी विकत घेणं परवडत नाही, पण पाच-सहा मालकांनी वर्गणी काढून घेतला तर बंदीच्या काळात सगळ्यांच्या केबली होतात. आपल्या जेटीवर कोणाकडे असेल तर खाली कळवा, म्हणजे गरजूंना विचारता येईल.

दोन सवयी ज्या बोटीला महाग पडतात

एक, २४ व्होल्टच्या जोडीतल्या एकाच बॅटरीवरून वायरलेस, टेप, मोबाईल चार्जरसाठी १२ व्होल्ट घेणं. ती बॅटरी रोज जास्त रिकामी होते. डायनॅमो मात्र दोघींना मिळून चार्ज करतो. मग एक कायम उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन पाणी उडवते. वर्षभरात दोन्ही जातात. २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर बसवा. आणि एक बॅटरी नवी, एक जुनी अशी जोडी कधी लावू नका.

दोन, निगेटिव्हचा जोड ढिला असताना सेल्फ मारत राहणं. करंट परत जायला दुसरी वाट शोधतो. रेसची केबल, गिअरची केबल, मीटरच्या बारीक वायरी, जे सापडेल त्यातून जातो. सेल्फ मारताना रेसच्या केबलमधून धूर आला किंवा ती गरम लागली, तर ती केबल बदलून भागत नाही. निगेटिव्ह दुरुस्त करा.

आग आणि ॲसिड

सेल्फच्या जाड लाइनवर सहसा फ्यूज नसतो, कारण करंटच तेवढा मोठा असतो. म्हणजे ती केबल कुठे घासून उघडी पडली आणि इंजिनाला लागली, तर तिला थांबवणारं काही नाही. काही सेकंदांत ती लाल होते. म्हणून केबल धारदार कडेवरून, सायलेन्सरजवळून किंवा डिझेलच्या पाइपला बांधून नेऊ नका. थोड्या थोड्या अंतरावर क्लिपा मारा, भिंतीतून जाते तिथे रबरी बूच घाला, आणि तळातल्या पाण्याच्या वर ठेवा. सेल्फच्या बोल्टवर रबरी टोपी हवी.

बॅटरीजवळ मेन स्विच हवाच, आणि तो सेल्फचा करंट झेपणारा हवा. मात्र इंजिन चालू असताना तो बंद करू नका, अल्टरनेटरचे डायोड जातात.

काम करताना अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. आधी निगेटिव्ह सोडायचा, जोडताना तो शेवटी. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिथे विडी-सिगारेट नको, झाकण उघडून हवा खेळू द्या. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, पण ते पाणी बॅटरीत जाऊ देऊ नका. बॅटऱ्या पेटीत घट्ट बांधा. समुद्राचं पाणी ॲसिडमध्ये मिसळलं तर क्लोरीनचा विषारी वायू होतो, आणि बंद इंजिनरूममध्ये तो जीवघेणा आहे.

समुद्रात अडकलात तर

रात्री नांगर टाकून इंजिन बंद केलं आणि पहाटे ते चालूच होत नाही, असं कुठेही होऊ शकतं. पण मांडवीच्या, सालच्या किंवा शापोऱ्याच्या मुखाशी, वाळूच्या पट्ट्याजवळ, पावसाळी लाटेत इंजिन बंद पडून परत फिरलं नाही, तर प्रश्न मासळीचा राहत नाही, माणसांचा होतो.

बोट वाहत असेल तर आधी नांगर टाका, लाइफजॅकेट घाला, मग वायरिंग. दिवे आणि इतर सगळा भार बंद करा, वायरलेस तेवढा राहू दे. मेन स्विच बंद करून बॅटरीचे क्लँप काढा, खुंट्या आणि क्लँप सुरीने किंवा एमरी पेपरने घासा, परत आवळा. इंजिनावरचा निगेटिव्ह आवळा. जोडपट्टी आवळा. बहुतेक वेळा एवढ्यावर एकदा तरी इंजिन चालू होतं. झालं की बंद करू नका, सरळ जेटी गाठा.

सोलेनॉइडवर पान्हा टाकून सेल्फ मारण्याची युक्ती सगळ्यांना माहीत आहे. ठिणगी मोठी उडते, बॅटरीचा वायू तिथेच असतो, आणि गिअर पडलेला असेल तर इंजिन चालू होताच शाफ्ट फिरतो. ती युक्ती टाळा. धोका वाटला तर वाट बघत बसू नका. व्हीएचएफ १६ वर कळवा किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ वर फोन करा.

बंदीतली यादी

१) बॅटरीची जोडी सारखी आणि एकाच वयाची आहे का?
२) पॉझिटिव्ह, निगेटिव्ह, जोडपट्टी, तिन्ही सारख्याच जाड आहेत का?
३) टोकाजवळ रबर कापून तांबं बघितलं का?
४) सेल्फ मारताना दोन्ही लाइनमध्ये किती व्होल्ट हरवतात ते मोजून लिहून ठेवलं का?
५) इंजिनावरचा निगेटिव्ह चकचकीत लोखंडावर बसलाय का?
६) केबल कुठे घासते का, तळातल्या पाण्यात पडते का?
७) बोटीवर मल्टीमीटर, एमरी पेपर, क्लँपच्या मापाचा पान्हा आणि दोन जास्तीची थिंबलं आहेत का?

चौथ्या मुद्द्याचे आकडे इंजिनरूमच्या दारामागे तारीख घालून लिहा. पुढच्या बंदीत परत मोजा. आकडा वाढला असेल तर केबल आधीच सांगतेय, तिचं ऐकायचं काम आपलं.